चरत्या माळावर रानाला जागा: जमीनमालकासाठी कामाचा क्रम

प्राँगहॉर्न हा उत्तर अमेरिकेच्या माळांवरचा हरणासारखा दिसणारा प्राणी. ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. त्या खंडात त्याच्याशी शर्यत लावील असा दुसरा प्राणी नाही. पण समोर कमरेएवढे कुंपण आले की तो थबकतो. उडी मारणे त्याच्या स्वभावात जवळजवळ नाहीच. तो तारेखालून अंग चोरून सरपटतो, आणि सर्वांत खालची तार काटेरी असून जमिनीलगत ताणलेली असेल तर पाठीवरचे केस आणि कातडी तिथे ठेवून जातो. हिवाळ्यात बर्फाने खालची फट बुजली की अख्खा कळप कुंपणाशी अडून राहतो.

यावरचा उपाय अगदी छोटा आहे. खालची काटेतार काढायची, तिच्या जागी गुळगुळीत तार लावायची आणि ती जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर घ्यायची. गाय खालून जात नाही, प्राँगहॉर्न जातो.

या लेखात पुढे जे सांगितले आहे ते बहुतेक याच जातीचे आहे. जमीन गुरांना आणि चाऱ्याला द्यायचीच आहे, ती काही अभयारण्य होणार नाही. मात्र ती वापरताना कोणती तार, कोणती तारीख आणि कोणता कोपरा बदलला तर रानातल्या जीवांना तिथे राहता येईल, हे ठरवणे मालकाच्या हातात असते. उदाहरणे मी मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडील रँचवरची, म्हणजे गुरे चारण्याच्या मोठ्या खासगी जमिनींवरची, घेतली आहेत, कारण हे काम तिथे दीर्घकाळ झाले आहे आणि त्याच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या आहेत.

खासगी जमिनीला एवढे महत्त्व का, तेही सांगायला हवे. अमेरिकेतली सुमारे ६० टक्के जमीन खासगी मालकीची आहे. टेक्सासमध्ये तर ९० टक्क्यांहून अधिक. शिवाय प्रश्न केवळ क्षेत्रफळाचा नाही. पश्चिमेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा आणि सरकारी जंगलांचा मोठा भाग उंचावर आहे. ज्या दऱ्यांत पाणी होते, माती चांगली होती आणि बर्फ कमी पडत असे, त्या आधी आलेल्या वसाहतकऱ्यांनी घेतल्या. उन्हाळा डोंगरावर काढणारी एल्क आणि म्यूल डियर जातीची हरणे हिवाळ्यात याच दऱ्यांत उतरतात. ओरेगॉन, उत्तर कॅलिफोर्निया आणि वायव्य नेवाडा मिळून झालेल्या एका अभ्यासात ओलावा टिकवून ठेवणाऱ्या जागा एकूण भूभागाच्या जेमतेम २ टक्के भरल्या, आणि त्यातल्या ८० टक्क्यांच्या आसपास खासगी जमिनीवर होत्या. म्हणजे वन्यजीवांचा उन्हाळ्याच्या अखेरचा घास आणि घोट बहुधा कोणाच्या तरी रँचवरच असतो.

यातून एक गोष्ट आधीच स्पष्ट होते. रँच तोट्यात जाऊन तिचे तुकडे पडले आणि त्यावर बंगले उठले, तर बाकी सगळी मेहनत फुकट. म्हणून पुढचा प्रत्येक उपाय निवडताना धंद्याला तो परवडतो का, हे विचारायला संकोच करू नका.

पहिले काम: एक वर्ष नुसते पाहा

सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे, कारण उत्साहाच्या भरात माणसाला लगेच काहीतरी खणायचे किंवा लावायचे असते. जमिनीचा साधा नकाशा काढा. त्यावर पाण्याच्या जागा, ओहोळ, ओघळी, कुंपणे, फाटके, झुडपांची बेटे आणि उघडे माळ दाखवा. मग वर्षभर, चारही ऋतूंत, कुठे माग दिसतात, कुठे विष्ठा सापडते, कुंपणाच्या कोणत्या तारेवर केस अडकलेले असतात, हे त्याच नकाशावर टिपत जा. गुरांमागे रोज फिरणाऱ्या माणसाला विचारा. त्याला जे ठाऊक असते ते कुठल्याही पाहणी अहवालात नसते.

त्याच वर्षी दहा-बारा ठिकाणी खुंट्या ठोकून फोटोच्या जागा पक्क्या करा. प्रत्येक खुंटीपाशी उभे राहून ठरलेल्या दिशेने, दरवर्षी त्याच आठवड्यात, एक फोटो. पाच वर्षांनी याहून मोलाची नोंद तुमच्याकडे दुसरी नसेल.

सगळ्याच प्राण्यांसाठी एकदम काम करता येत नाही. दोन-तीन असे जीव निवडा, ज्यांच्या गरजा पूर्ण करताना इतर अनेकांचे भागते. सेज ग्राऊस या पक्ष्याचे उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. कोंबडीच्या कुळातला हा पक्षी सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांच्या प्रदेशात राहतो. वसंतात नरांना नाचायला उघडे, बुटक्या गवताचे मैदान लागते आणि वर्षानुवर्षे ते त्याच मैदानावर येतात. मादी घरटे करते ते मात्र झुडपाखाली, दाट गवताच्या आडोशाला. पिलांना पहिल्या आठवड्यांत किडे आणि कोवळ्या रुंद पानांच्या वनस्पती हव्यात, म्हणून उन्हाळा तापला की ती ओल्या कुरणांकडे सरकतात. आणि हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ केवळ सेजब्रशच्या पानांवर जगतो. एकच पक्षी, पण त्याला चार वेगळ्या जागा हव्यात, त्याही चालत जाता येईल अशा अंतरात. तुमच्या नकाशावर यातली कोणती जागा हरवली आहे, तिथेच तुमचे काम आहे.

निवडलेल्या प्रत्येक जीवासाठी हेच विचारा: खातो काय, पितो कुठे, लपतो कुठे, वितो कुठे, आणि एका जागेवरून दुसरीकडे जाताना त्याला अडवते काय?

दुसरे काम: आधी मरण थांबवा

नवा अधिवास घडायला वर्षे लागतात. कुंपणात, हौदात आणि कापणीयंत्राखाली होणारे मृत्यू मात्र याच हंगामात थांबवता येतात, आणि खर्चही कमी. म्हणून मी ही पायरी अधिवास सुधारण्याच्या आधी ठेवतो.

कुंपणापासून सुरुवात करू. ईशान्य युटा आणि वायव्य कोलोरॅडोमध्ये झालेल्या एका अभ्यासात सरासरी दर ४ किलोमीटर कुंपणामागे वर्षाला एक खुरी प्राणी तारेत अडकून मेलेला आढळला. सर्वांत घातक ठरले ते जाळीचे कुंपण, ज्याच्या वर एकच काटेतार ओढलेली असते. हरीण उडी मारताना मागचे पाय वरच्या दोन तारांच्या मध्ये सापडतात, तारांना पीळ बसतो आणि ते उलटे लटकून राहते. पाडसांची गोष्ट आणखी वाईट. आई पलीकडे जाते, पाडस जाळीपाशी अलीकडेच राहते.

चार तारांच्या कुंपणासाठी मापे अशी ठेवा. सर्वांत वरची तार जमिनीपासून १०० ते १०७ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. वरच्या दोन तारांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पाय अडकत नाही. सर्वांत खालची तार गुळगुळीत आणि ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर. वरची तारही गुळगुळीत ठेवता आली तर फार उत्तम. सगळे कुंपण एकदम बदलायचे नाही. नकाशावर जिथे माग कुंपणाला छेदतात, जिथे तारेवर केस सापडतात, तिथून सुरू करा. ज्या गोठाणात, म्हणजे कुंपणाने वेगळ्या केलेल्या चराईच्या भागात, गुरे हिवाळ्यात नसतात तिथली फाटके सताड उघडी ठेवा किंवा तार खुंटीवरून काढून खाली पाडून ठेवा. आणि जे जुने कुंपण आता काहीच अडवत नाही ते गुंडाळून न्या. गवतात पडलेली सैल तार उभ्या तारेपेक्षाही जास्त जीव घेते.

पक्ष्यांसाठी वेगळी युक्ती लागते. सेज ग्राऊस पहाटेच्या अंधारात खालून उडत नाचाच्या मैदानाकडे येतात आणि तारेवर आदळतात. आयडाहोमध्ये तारांना प्लॅस्टिकच्या छोट्या पांढऱ्या पट्ट्या अडकवून पाहिल्या, तेव्हा आदळण्याचे प्रमाण सुमारे ८३ टक्क्यांनी घटले. सपाट माळावर, मैदानापासून दोन किलोमीटरच्या आतल्या कुंपणांना आधी खुणा लावा. साधारण मीटरभर अंतरावर एक पट्टी पुरते.

आता पाण्याचा हौद. गुरांसाठी भरलेल्या हौदावर रात्री कोण येते हे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. वटवाघळे उडता उडता पाण्याला तोंड लावून जातात. त्यांना हौदावर मोकळी, लांब धाव लागते. हौदाच्या मधोमध कुंपण गेलेले असेल किंवा वर आडव्या दांड्या असतील तर ती धडकून पाण्यात पडतात. पाण्यात पडलेला कोणताही लहान जीव, पक्षी असो की खार, भिंतीला चिकटून कडेकडेने पोहत राहतो. म्हणून बाहेर पडायची उतरण हौदाच्या आतल्या भिंतीला टेकलेली असली पाहिजे. मधेच ठेवलेली फळी त्याला सापडत नाही. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, पृष्ठभाग खरखरीत हवा, आणि ती तळापर्यंत गेलेली हवी, म्हणजे पाणी उतरले तरी उपयोगी पडेल. दगड-सिमेंटची चालते, वाकवलेल्या लोखंडी जाळीची चालते. बुडालेला पक्षी सडला की तेच पाणी गुरांनी प्यायचे असते, एवढे लक्षात घेतले तर उतरण कोणालाच जड वाटणार नाही.

गवत कापणीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण इथे मालकाला खरोखर काहीतरी सोडावे लागते. बोबोलिंक नावाचा छोटा पक्षी दक्षिण अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून येतो आणि उत्तरेच्या गवती शेतांत जमिनीवरच घरटे करतो. नेमकी त्याच दिवसांत चाऱ्याची पहिली कापणी येते. अंडी आणि पिले उडून जाऊ शकत नाहीत. कापणी उशिरा केली तर गवत निबर होते, त्यातले प्रथिन घटते, दूध देणाऱ्या गाईला ते पुरत नाही. यातून व्हर्माँटमध्ये एक मधला मार्ग निघाला: पहिली कापणी मे संपायच्या आत उरकायची आणि मग ६५ दिवस शेताला हात लावायचा नाही. पहिले घरटे गेले तरी पक्षी दुसरे करतो आणि तेवढ्या अवधीत पिले उडून जातात. गोठ्यातल्या भाकड गुरांना आणि घोड्यांना निबर गवत चालते, तेव्हा त्यांच्या वाट्याचे शेत उशिरा कापायचे हाही एक उपाय आहे.

कधीही कापा, पण मधून बाहेरच्या दिशेने कापा. आपण सवयीने कडेकडेने फिरत आत जातो आणि शेवटच्या पट्ट्यात सगळे जीव कोंडून मारतो. स्कॉटलंडच्या बेटांवर कॉर्नक्रेक या पक्ष्यासाठी शेतकऱ्यांनी मधून बाहेर कापायची पद्धत धरली, ती याच कारणाने. पाते दहा सेंटिमीटरपेक्षा वर ठेवा. रात्री कापू नका, कारण अंधारात पक्षी जागचा हलत नाही.

औषधांविषयी थोडक्यात. उंदरांसाठीचे रक्त पातळ करणारे विष मेलेल्या उंदरातून घुबडात आणि ससाण्यात उतरते. आयव्हरमेक्टिनसारखी जंताची औषधे शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतात, म्हणून ती सरसकट सगळ्या कळपाला न देता गरज असलेल्या जनावरालाच द्यावीत. आणि गुरांना दिलेल्या औषधाने काय होऊ शकते याचे सर्वांत भयंकर उदाहरण दक्षिण आशियातले आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मढे खाऊन गिधाडांच्या काही जाती जवळपास नाहीशा झाल्या. भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये त्याचा गुरांसाठीचा वापर थांबवला, तोवर फार उशीर झाला होता.

तिसरे काम: चराईची तारीख

गाय अधिवास मोडते की घडवते, यावर खूप वाद होतात. माझे मत असे, की गाय काहीच ठरवत नाही, तिला कधी आणि किती दिवस सोडले ते ठरवते. त्याच जागी, त्याच महिन्यात, दरवर्षी चराई झाली की गुरांना आवडणारे गवत दर वेळी बी धरण्याआधीच खाल्ले जाते आणि हळूहळू नाहीसे होते. म्हणून गोठाणांची संख्या आणि क्रम असा ठरवा, की वसंतात चरलेला भाग पुढच्या वर्षी वसंतात मोकळा राहील. एखादा भाग अख्खे वर्ष विसाव्याला ठेवता आला तर पक्ष्यांना मागच्या वर्षीचे वाळके गवत आडोसा म्हणून मिळते. घरटे बांधायच्या वेळी नवे गवत अजून उगवलेले नसते. मादीला लपवते ते गतवर्षीचे, म्हणून सगळे गवत खाऊन टाकू नका.

एकसारखे चरलेले माळ मालकाला नीटनेटके दिसते, पण रानाच्या दृष्टीने ते एकाच खोलीचे घर असते. ओक्लाहोमाच्या उंच गवताच्या प्रदेशात यावर एक सुरेख पद्धत तयार झाली. माळाचा साधारण तिसरा हिस्सा दर वर्षी आळीपाळीने जाळायचा. गुरे आपोआप जळलेल्या भागावरच्या कोवळ्या गवतावर जमतात, त्यांना आत कुंपण घालावे लागत नाही. न जळलेला भाग तोवर वाढतो. त्यामुळे एकाच माळावर बुटके, मध्यम आणि गच्च गवत शेजारी शेजारी मिळते. प्रेअरी चिकन हा सेज ग्राऊससारखाच पक्षी; ते नाचते बुटक्या गवतात, घरटे करते गच्च गवतात आणि पिलांना फिरवते मधल्यात.

हे वाचून सेजब्रशच्या प्रदेशात कोणी काडी ओढली तर मात्र अनर्थ होईल. तिथले मोठे सेजब्रश जळाल्यावर मुळातून फुटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत चीटग्रास हे बाहेरून आलेले वर्षायू गवत घुसते, उन्हाळा लागता लागताच वाळते, पुन्हा पेट घेते आणि दर वणव्यागणिक पसरते. म्हणून दुसऱ्याच्या माळावर यशस्वी झालेली कोणतीही पद्धत आपल्याकडे आणण्याआधी तिथली माती, पाऊस आणि वणव्याचा इतिहास आपल्यासारखा आहे का, ते तपासा. आणि आग परवानगीशिवाय, शिकलेल्या माणसांशिवाय लावायची नाही.

ओढ्याकाठाचे नियम वेगळे. कडक उन्हाळ्यात गुरे पाण्यातून आणि सावलीतून हलतच नाहीत. काठ खुरांनी ढासळतो, विलोच्या झुडपांचे कोंब खुडले जातात, पाणी उथळ होऊन तापते आणि ट्राऊट मासे जातात. ओढ्याला कायमचे कुंपण घालण्याइतका पैसा नसेल तर काठाचा भाग वसंतात थोडे दिवस चारून घ्या आणि उन्हाळ्यात सोडून द्या. उंचावर हौद करून तिथे पाणी न्या, मिठाचे खडे पाण्यापासून निदान अर्धा किलोमीटर दूर ठेवा. सवय लागायला एक हंगाम जातो, गुराख्याने रोज कळप वर हाकावा लागतो, पण पुढे गुरे स्वतःच वर राहू लागतात.

चौथे काम: ओघळी भरा, पाणी मुरवा

ओल्या कुरणातून एक बारीक ओघळ पडली की तिचे तोंड दर पावसात मागे मागे सरकते. ओघळ खोल गेली की आसपासचे भूजल तिच्यात उतरते आणि कुरण वाळते. मोठी यंत्रे आणून मोठा बांध घालायचा मोह इथे आवरा. अमेरिकेच्या वनखात्यातून निवृत्त झालेले बिल झीडिक यांनी रूढ केलेली पद्धत साध्या हातांनी होते. ओघळीच्या तळावर आडवे दगड मांडायचे, पण एकाच थराचे, एका दगडाएवढ्याच उंचीचे, आणि रुंदीला चार-पाच ओळी. पाणी अडत नाही, फक्त मंदावते. मंदावलेले पाणी गाळ टाकते, गाळात गवत रुजते, तळ उचलला जातो. मग त्या गाळावर पुढचा थर. कोलोरॅडोच्या गनिसन खोऱ्यात दुर्मीळ गनिसन सेज ग्राऊसच्या पिलांसाठी हीच कामे हाताने, मोठ्या संख्येने केली गेली.

दगड उंच रचू नका. उंच बांधावरून पाणी धबधब्यासारखे पडते आणि खाली खड्डा करून बांधच उलथवते. सुरुवात ओघळीच्या तोंडापासून, म्हणजे जिथे ती मागे सरकते आहे तिथून करा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर फेरी मारून निसटलेले दगड परत बसवा. ओढ्यात बीव्हर, म्हणजे फांद्यांचे बांध घालणारा प्राणी, येत असेल तर त्याला येऊ द्या. त्याच्याइतका स्वस्त आणि चिकाटीचा कामगार मिळणार नाही. पाण्याचा फुगवटा रस्त्यावर येत असेल तर त्याच्या बांधातून नळ घालून पातळी खाली ठेवता येते.

झाड लावण्याआधी थांबा

निसर्गासाठी काही करायचे म्हटले की पहिला विचार झाडे लावण्याचा येतो. माळरानावर तो बहुधा चुकीचा असतो, हे मला ठासून सांगावेसे वाटते. अमेरिकेच्या पश्चिमेत वणवे विझवले गेले, अतिचराईने गवत विरळ झाले आणि गेल्या शे-दीडशे वर्षांत ज्युनिपर हे सूचिपर्णी झाड डोंगरउतारांवरून माळावर उतरले. ओरेगॉनमध्ये मोजणी झाली तेव्हा असे दिसले, की सूचिपर्णी झाडांचे छत्र ४ टक्क्यांच्या वर गेले तिथे सेज ग्राऊसचे एकही नाचाचे मैदान टिकले नव्हते. चार टक्के म्हणजे आपल्या डोळ्यांना उघडा माळच. पण प्रत्येक झाड शिकारी पक्ष्यांना आणि डोमकावळ्यांना टेहळणीचा बुरूज होते, आणि जमिनीवर घरटे करणारा पक्षी तिथून निघून जातो.

म्हणून माळावर घुसलेली कोवळी झाडे काढा. ती दाट होण्याआधी काढली तर करवत पुरते आणि खालचे गवत शाबूत असते. मात्र खडकाळ कड्यांवरची, गोलसर शेंड्याची, साल चिरफाळलेली जुनी ज्युनिपरची झाडे मुळीच तोडू नका. ती तिथली मूळ रहिवासी आहेत आणि त्यांच्या ढोलीत कित्येक जीव राहतात.

शिकारी प्राण्यांशी कसे वागावे

वासरू गेलेल्या माणसाचे दुःख खरे असते. त्याला आकडेवारी ऐकवू नये. पण काय केल्याने पुढचे वासरू वाचेल, हे सांगता येते. मोंटानाच्या ब्लॅकफूट खोऱ्यात रँचमालक आणि इतर रहिवाशांनी १९९३ मध्ये ब्लॅकफूट चॅलेंज ही संस्था उभी केली. तिथे ग्रिझली अस्वले परतू लागली तेव्हा सगळ्यांत आधी एका साध्या गोष्टीकडे लक्ष गेले. मेलेली जनावरे रँचच्या कोपऱ्यात टाकायची जुनी चाल होती, आणि अस्वले वासाने थेट विणीच्या वाड्यापर्यंत येत होती. २००३ पासून मढी उचलून दूर नेऊन त्यांचे खत करायची सोय झाली. विणीच्या वाड्यांना आणि मधमाश्यांच्या पेट्यांना विजेची कुंपणे आली. कळपासोबत घोड्यावरून फिरणारे राखणदार नेमले. अस्वलांचे उपद्रव झपाट्याने कमी झाले.

हाच क्रम तुम्हीही धरा: आधी मढी, मग विणीची जागा, मग राखण. गाई थोड्या दिवसांच्या अवधीत एकत्र विऊ द्याव्यात, वाडा घराजवळ असावा, आजारी जनावर रात्री बाहेर राहू नये. राखणीचे कुत्रे पिलू असतानाच कळपात वाढवावे लागतात आणि एकट्याने काम करत नाहीत. लांडग्यांसाठी दोरीवर लाल फडकी लावण्याची युरोपातली जुनी युक्ती काही आठवडे चांगली चालते, नंतर लांडगा सरावतो. म्हणून ती फक्त विणीच्या दिवसांपुरती लावावी आणि मग गुंडाळून ठेवावी.

शेजाऱ्याशिवाय होत नाही

वायोमिंगमध्ये म्यूल डियरचा एक कळप रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जातो. वाटेत कितीतरी मालकांची कुंपणे लागतात. तुमचे कुंपण कितीही चांगले असले तरी पुढचे वाईट असेल तर हरीण तिथे अडकणारच.

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या दक्षिण सीमेवर रँचमालकांनी १९९४ मध्ये मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापला. क्षेत्र सुमारे सव्वातीन लाख हेक्टर. त्यांची गवताची पेढी ही कल्पना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. दुष्काळात एखाद्याचा माळ थकला की त्याने आपली गुरे शेजारच्या मोठ्या रँचवर चरायला न्यायची. त्या चाऱ्याचा मोबदला पैशात घ्यायचा नाही. त्याने आपल्या जमिनीचे कधीही प्लॉट पाडणार नाही असा करार लिहून द्यायचा. दुष्काळात माणसाला जमीन विकावी लागते, नेमक्या त्याच घडीला ही मदत येते. याच गटातले रँचर वॉर्नर ग्लेन यांना मार्च १९९६ मध्ये पेलोन्सिलो डोंगरात कुत्र्यांनी घेरलेला जॅग्वार दिसला, तेव्हा त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला.

सुरुवात संस्थेपासून करू नका. दोन शेजाऱ्यांना बोलावून तुमचे बदललेले कुंपण दाखवा. सरकारी अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याची फाटकाजवळची पाच मिनिटे जास्त पटतात.

कागदपत्रे

मालकाची सर्वांत मोठी भीती ही, की दुर्मीळ प्राणी आला की सरकार जमिनीवर बंधने घालेल. या भीतीने लोकांनी झाडे मुद्दाम लवकर तोडली आहेत. यावर १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सँडहिल्स भागात लाल पट्ट्याच्या सुतार पक्ष्यासाठी पहिला सेफ हार्बर करार झाला. करार करताना जमिनीवर जेवढे पक्षी आहेत तेवढे राखायचे. तुमच्या मेहनतीने पुढे जे वाढतील त्यांच्यापायी नवे बंधन येणार नाही. असे करार अमेरिकेत आता एकाच नव्या नावाखाली होतात, पण गाभा तोच. करार करण्याआधीची मोजणी नीट आणि तुमच्या समक्ष झाली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या आकड्यावर उभे असते.

जमीन संवर्धनासाठी बांधून देणारा करार, म्हणजे इझमेंट, हा वेगळा आणि बहुधा कायमचा असतो. जमीन विकली तरी तो नव्या मालकावर लागू राहतो. करसवलत मिळते, काही ठिकाणी रोख रक्कमही मिळते, पण मुलांशी आणि स्वतःच्या वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. चराई, नवा हौद, मुलासाठी घर, हे सगळे कराराच्या मजकुरात शब्दशः लिहून घ्या. ज्यांना एवढे लांबचे बंधन नको, त्यांच्यासाठी कुंपण, हौद, झाडे काढणे यांतला खर्च वाटून घेणाऱ्या सरकारी योजना आहेत. १९८५ च्या शेती कायद्यातून आलेल्या राखीव जमीन योजनेत १० ते १५ वर्षांचा करार असतो.

अशा स्वेच्छेच्या कामाने किती साधते? सेज ग्राऊससाठी रँचमालकांना मदत करणारी सरकारी मोहीम २०१० मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्या पक्ष्याला संकटग्रस्त यादीत घालायची गरज नाही असे ठरले. पण १९६५ पासून त्याची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आहे, हेही तितकेच खरे. काम उपयोगी आहे, आणि ते अजून पुरेसे झालेले नाही.

नोंदवही

एक वही पुरते. कोणते गोठाण कधी उघडले, कधी बंद केले, किती जनावरे, पाऊस किती, कोणती ओघळ भरली, कुंपणाला कोण अडकले. वसंतात नाचाच्या मैदानावर पहाटे दूर गाडीत बसून नर मोजा, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. हौदावर कॅमेरा लावला तर रात्रीचे पाहुणे कळतात. एका वर्षाच्या आकड्यावरून काही बदलू नका, पावसाने आकडे वरखाली होतात; तीन वर्षे सलग घट दिसली तर चराईचा क्रम पुन्हा मांडा.

बर्फ वितळल्यावर आणि गुरे बाहेर सोडण्याआधी कुंपणाची एक पूर्ण फेरी मारा. थंडीत खांब वर येतात, तारा ढिल्या पडतात, खालची तार पुन्हा गवतात लोळू लागते, पांढऱ्या पट्ट्या वाऱ्याने गळतात. खिशात पक्कड, मोजपट्टी आणि मूठभर पट्ट्या ठेवा, आणि जिथे तारेवर केस सापडतील ती जागा वहीत लिहा.